भाऊबीजेला भावाचं पान न शिजवलेलं, दूध-तुपाशिवाय. काय काय वाढू?

डोंबिवलीची ताई
माझा धाकटा भाऊ बंगळूरला असतो. तो आणि भावजय दीड वर्षापासून शिजवलेलं काहीच खात नाहीत. दूध, दही, तूप, मधही बंद. यंदा भाऊबीजेला रात्री जेवायला येताहेत. आम्ही धरून आठ माणसं, त्यात आई ७४ वर्षांची.

गेल्या वर्षी मला काही सुचलं नाही. काकडी-गाजराच्या चकत्या आणि फळांची बशी त्याच्यापुढे ठेवली, आणि आम्ही शेजारी बसून बासुंदी-पुरी खाल्ली. तो काही बोलला नाही. पण ओवाळून झाल्यावर भावाला असं अर्धं पान वाढलं, हे वर्षभर मनातून गेलं नाही. यंदा मला डावी-उजवी बाजू भरलेलं पान वाढायचंय, आणि शक्यतो सगळ्यांना एकच. घरात मिक्सर, किसणी, खवणी आहे. वेगळं यंत्र काही नाही.

सावंतवाडीकरीण
ताई, चैत्रगौरीचं हळदीकुंकू आठवा. वाटली डाळ, भिजवलेले हरभरे, कलिंगडाच्या फोडी. डाळीवरची फोडणी सोडली तर यातलं काहीच चुलीवर चढत नाही. आपल्याकडे हे आधीपासून आहेच.

दिवाळीत कैरी नसते, तर डाळीत आवळा किसून घाला. रात्री हरभऱ्याची डाळ आईंना जड जाईल, म्हणून मुगाची घ्या. दोन तासांत भिजते. चाळणीत चांगली निथळा आणि मिक्सर थांबत थांबत फिरवून भरड ठेवा. बोटांत चिमटीने घेतल्यावर कण लागले पाहिजेत, पीठ झालं तर घशाशी बसते. वाटीभर डाळीला दोन आवळे, अर्धी वाटी ओलं खोबरं, हिरवी मिरची, आलं, कोथिंबीर, मीठ. वरून घाण्याचं कच्चं तेल. काकडी बारीक चोचवून घातलीत तर तुमच्या भावाला कोसंबरीची आठवण येईल, बंगळूरला ती खाल्लेली असणारच.

गोडाला सीताफळ. गर चाळणीवर हातानेच सोडवा. मिक्सरमध्ये बी फुटलं तर सगळं कडवट होतं. त्यात नारळाचं पहिलं दाट दूध आणि वेलची. साखर लागत नाही. बासुंदीच्या वाटीत हेच वाढा. दुसऱ्या-तिसऱ्या दुधाची सोलकढी करा, आगळ घालून. आठ जणांना तीन नारळ घ्या.

कच्चंखाऊ नाशिक
मी स्वतः चार वर्षं असंच जेवते, म्हणून सांगते. गूळ चालत नाही, तो रस आटवूनच होतो. पोहे आणि भाजलेल्या दाण्यांचं कूटही नाही. दाणे रात्रभर भिजवून वाटा. बाजारचे काजू फोडण्याआधी बहुधा वाफवलेले असतात, ते चालतात का हे भावाला विचारून घ्या. लाडू खजूर आणि अक्रोडाचे, खोबऱ्यात घोळवून.

आणि गारठा घालवा. पाहुण्याला सगळं फ्रीजमधलं थंडगार वाढलं की पोट भरतं पण जेवल्यासारखं वाटत नाही. तासभर आधी बाहेर काढा. सोलकढीचं भांडं कोमट पाण्यात ठेवा. आमच्यात साधारण ४८ अंशांपर्यंत ऊब चालते. हाताला कोमट लागली की पुरे.

परसबाग
अळूवडीसारखं काही करायचा मोह झाला तर कच्चं अळू वापरू नका, घसा खाजेल. कोबीच्या पानात सारण गुंडाळा. दुधी किसणार असाल तर आधी चाखा, कडू लागला तर फेकून द्या. राजमा कच्चा कधीच नाही. मोड आलेली कडधान्यं आईंना कच्ची देऊ नका, मोडांत जंतू लवकर वाढतात. त्यांची वाटी वाफवून घ्या. नारळाचं दूध त्याच दिवशी, संध्याकाळीच काढा.

डोंबिवलीची ताई
वाचताना डोळे भरून आले. ठरलं. डावीकडे लिंबू, ओल्या हळदीचं लोणचं, हिरवी चटणी, मुळ्याची कोशिंबीर. उजवीकडे मुगाची वाटली डाळ आणि कोबीच्या गुंडाळ्या. वाटीत सीताफळ, शेजारी सोलकढी, पानाच्या कडेला खजुराचा लाडू. आईला वरण-भात वेगळा लावेन, बाकी सात पानं सारखीच. काजूंचं आत्ताच भावजयीला विचारलं, नको म्हणाली. रविवारी एका नारळावर सीताफळ करून बघते.