बंदुकीचे कायदे कडक केल्याने हिंसा खरंच कमी होते का?

कुळागरवाला: गोव्यात सत्तरी, सांगे भागात शेतराखणीच्या परवान्यावर बऱ्याच घरांत बंदूक आहे. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, निवडणूक आली की जमा करा. गुंड मात्र गावठी कट्टा वापरतो. मग कायद्याने नेमकं काय साधतं? लोकांची वृत्ती बदलते का?

केपेकर: टोळीवाल्याला परवान्याच्या अटींनी फरक पडत नाही, हे मान्य. पण बंदुकीने होणारे मृत्यू म्हणजे फक्त खून नव्हेत. ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थरला 1996 मध्ये 35 जण मारले गेले. त्यानंतर सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका विकत घेतल्या, नवी बंदूक घेण्याआधी 28 दिवस थांबण्याची अट घातली आणि ‘स्वसंरक्षण’ हे कारण ग्राह्य धरणं बंद केलं. बंदुकीचे खून तिथे आधीच घटत होते, म्हणून त्याचं श्रेय किती द्यायचं यावर वाद आहे. बंदुकीने होणाऱ्या आत्महत्यांच्या बाबतीत पुरावा जास्त भक्कम. रागाच्या किंवा निराशेच्या त्या घटकेला हत्यार हाताशी नसणं, एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो.

गज आणि टोपी: म्हणूनच आपल्याकडे खरा प्रश्न साठवणीचा. दोननळी मोडून काडतुसं काढली की काम झालं. ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक, एकदा भरली की रिकामी करणं जिकिरीचं, म्हणून ती भरलेलीच भिंतीला टांगलेली असते. पावसाळ्यात दारू दमट होते, बार उशिरा उडतो आणि माणूस तेवढ्यात नळीत डोकावतो! बंदूक भरलेली आहे का ते तपासताना आधी टोपी (ठिणगी पाडणारी छोटी स्फोटक कॅप) काढा. नळी रिकामी असताना गज (ठासायची सळई) तळापर्यंत घालून तोंडाशी खूण करून ठेवा. पुढे खूण बाहेर राहिली तर आत बार आहे. बार उडाला नाही तर नळी मोकळ्या दिशेला धरून निदान मिनिटभर थांबा. बंदूक कुलपात, दारू-टोप्या वेगळ्या कुलपात.

केपेकर: वृत्तीचं म्हणाल तर 2019 च्याच दुरुस्तीत लग्नात, देवळापाशी हौसेने बार काढण्याबद्दल तरतूद आली. जीव धोक्यात आला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा नोंदवला गेला तरच वचक बसेल म्हणा.

कुळागरवाला: आणि रानडुक्कर मारलं तर?

गज आणि टोपी: शेतराखणीचा परवाना हत्यार बाळगायचा, शिकारीचा नव्हे. वनखात्याची वेगळी परवानगी लागते, नाहीतर वन्यजीव कायद्याखाली गुन्हा. परवान्याची मुदत संपली तर बंदूक घरात ठेवू नका, लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या.