पुनर्विकासाचा कॉर्पस : ५० चौरस फूट जादा जागा घ्यावी की रक्कम गुंतवावी?

मेघना_विक्रोळी

नमस्कार. कन्नमवार नगरमधील आमच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला असून दिवाळीनंतर घर रिकामे करून द्यायचे आहे. घर बाबांच्या नावावर आहे. त्यांचे वय ६३ आणि आईचे ५८. बाबांना निवृत्तिवेतन नाही. घरखर्च त्यांच्या मुदत ठेवींच्या व्याजावर आणि माझ्या पगारावर चालतो. सध्याचे घर ३१० चौरस फूट चटई क्षेत्राचे आहे, नवे ४७० चौरस फुटांचे मिळणार आहे. त्याशिवाय १२ लाख रुपये कॉर्पस (विकासक प्रत्येक सभासदाला देतो ती रोख रक्कम) आणि बांधकाम पूर्ण होईपर्यंत दरमहा २८,००० रुपये घरभाडे मिळेल.

विकासकाने सर्व सभासदांपुढे एक पर्याय ठेवला आहे. कॉर्पस न घेता २४,००० रुपये दराने ५० चौरस फूट जागा वाढवून घेता येईल, म्हणजे हिशेब बरोबर १२ लाखांचा होतो. मामांच्या मते जागाच घ्यावी. शेजारचे काका साडेदहा टक्के व्याज देणाऱ्या एका पतपेढीचे नाव सुचवतात, तर बँकेतील प्रतिनिधीने विमा कंपनीची 'हमी उत्पन्न' योजना पुढे केली आहे. बाबांच्या आयुष्यात इतकी रक्कम एकदम हाती येण्याची ही पहिलीच वेळ आहे, त्यामुळे निर्णय घाईने होऊ नये असे मला मनापासून वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

हिशेबी

मेघनाताई, कोणत्याही योजनेचा व्याजदर पाहण्याआधी, हा कॉर्पस सभासदाला कशासाठी दिला जातो याचा विचार व्हावा. चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीतून आपण वीसबावीस मजल्यांच्या इमारतीत जातो, तेव्हा लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, सुरक्षारक्षक, पोडियमची देखभाल असे सगळे खर्च मासिक देयकात येतात. हा वाढीव भार मूळ रहिवाशाला झेपावा, त्यापायी त्याला घर विकून बदलापूर किंवा विरार गाठावे लागू नये, यासाठी कॉर्पसची प्रथा आहे. काही सोसायट्या तर ही रक्कम सभासदांच्या हाती न देता सोसायटीच्या नावे ठेवतात आणि तिच्या व्याजातून देखभाल शुल्क वळते करून घेतात.

सध्या आपले मासिक देयक किती आहे आणि नव्या इमारतीत ते अंदाजे किती येईल, हे कळवाल का? कॉर्पस एकरकमी मिळणार की टप्प्यांत, तेही सांगावे.

मेघना_विक्रोळी

सध्या महिन्याला ९०० रुपये भरतो. बाजूच्या नव्या इमारतीत ६,५०० रुपये येतात, तेवढेच आम्ही धरून चाललो आहोत. कॉर्पसची पूर्ण रक्कम घर रिकामे करताना मिळेल असे करारनाम्याच्या मसुद्यात आहे. बांधकामाला तीन वर्षे लागतील.

गिरगावकर

माझे मत मामांच्या बाजूने आहे. मुंबईत एकदा भिंत उभी राहिली की घराची जागा वाढवता येत नाही, पैसा मात्र पुढेही कमावता येतो. मेघनाताई कमावत्या आहेत, देखभाल शुल्क त्या भरू शकतील. शिवाय रोख रक्कम घरात आली की लग्नकार्य, आजारपण, नातेवाइकांची निकड अशा कारणांनी ती चारपाच वर्षांत संपते, हे मी अनेक कुटुंबांत पाहिले आहे. ५० चौरस फुटांत आईबाबांसाठी वेगळी झोपण्याची जागा होऊ शकते, आणि त्या सोयीची किंमत व्याजाच्या हिशेबात धरलीच जात नाही.

हिशेबी

गिरगावकर, सोयीचा मुद्दा मला मान्य आहे. नवा नकाशा हाती घेऊन ते ५० चौरस फूट नेमके कोठे मिळणार, हे मेघनाताईंनी जरूर पाहावे. त्यातून वेगळी खोली निघत असेल तर विचार बदलू शकतो. पण दिवाणखाना दोन फुटांनी रुंद होणार असेल, तर त्यासाठी १२ लाख देणे मला पटत नाही.

यात आणखी एक बाब आहे, जिच्याकडे आपल्या वस्त्यांतील सभासदांचे फारसे लक्ष जात नाही. मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. आपले नवे घर ४७० चौरस फुटांचे राहिले तर ते या मर्यादेत बसते. ५० वाढवले की ५२० होते, सवलत संपते आणि दरवर्षीचा कर मागे लागतो. शिवाय विकत घेतलेल्या जादा जागेवर मुद्रांक शुल्क आणि जीएसटी कोणी भरायचा, हे लेखी विचारावे. बाबांना नियमित उत्पन्न नसताना कॉर्पस तर जाणारच, वर करही वाढणार, आणि तो सगळा भार एकट्या मेघनाताईंच्या पगारावर येईल. त्या पगारातून त्यांचे स्वतःचे भविष्यही उभे राहायचे आहे.

मेघना_विक्रोळी

मालमत्ता कराचा मुद्दा आमच्या सभेत कोणीच मांडला नव्हता. पुढच्या सभेत मी तो मांडते. जादा जागा दिवाणखान्यालाच मिळणार आहे, म्हणून रोख कॉर्पसकडे आमचा कल झुकतो आहे. मग १२ लाखांची विभागणी कशी करावी? आणि पतपेढीबद्दल आपले मत काय?

ठेवीदार_ठाणे

पतपेढीबद्दल मी सांगतो. बँकेतील ठेवींना, मग ती बँक सहकारी असली तरी, डीआयसीजीसी या ठेव विमा महामंडळाचे विमा संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते एका बँकेत एका ठेवीदारामागे व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत आहे. पतपेढी ही बँक नव्हे, त्यामुळे तेथील ठेवींना हे संरक्षण मुळीच लागू नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी) बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते आणि विम्याची मर्यादा एक लाखच होती. ती तर रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालील बँक होती. बाबांची रक्कम साडेदहा टक्क्यांसाठी पतपेढीत ठेवू नये, असे मी कळकळीने सांगेन. बँकेतही एकाच ठिकाणी ५ लाखांहून अधिक ठेवू नये.

विमा कंपनीच्या योजनेत सुरुवातीची बरीच वर्षे रक्कम अडकते आणि मध्येच बाहेर पडल्यास मोठा तोटा होतो. कोणी गळ घालून सही घेतलीच, तर पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, एवढे लक्षात असू द्यावे.

हिशेबी

विभागणी मी अशी करीन.

पहिला भाग भाडे थांबण्याच्या शक्यतेसाठी. ही भीती निराधार नाही. गोरेगावच्या पत्राचाळीतील ६७२ कुटुंबांनी घरे रिकामी करून दिली आणि पुढे भाडे बंद पडल्यावर कित्येक वर्षे स्वतःच्या खिशातून भाडे भरले. म्हणून एका वर्षाच्या भाड्याइतकी, म्हणजे सुमारे साडेतीन लाखांची रक्कम बँकेच्या अशा मुदत ठेवीत असावी जी दोन दिवसांत मोडता येईल.

दुसरा भाग सात लाखांचा, बाबांच्या नावे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. टपाल कार्यालयात किंवा बँकेत खाते उघडता येते. एप्रिल २०२३ पासून तिचा दर ८.२ टक्के आहे आणि खाते उघडताना असलेला दर पाच वर्षे बदलत नाही. लाखामागे तिमाहीला २,०५० रुपये, म्हणजे सात लाखांवर १४,३५० रुपये मिळतील. खाते आईसह संयुक्त ठेवता येते, पण ते बाबांचेच मानले जाते. पहिल्या वर्षात खाते बंद केले तर दिलेले व्याज परत घेतले जाते. त्यानंतर दोन वर्षे पूर्ण होण्याआधी बंद केल्यास मुद्दलातून दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का कापला जातो. म्हणूनच भाड्याची राखीव रक्कम येथे ठेवू नये.

तिसरा भाग उरलेल्या दीड लाखाचा, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. ८.२ टक्क्यांचे व्याज ठरलेले असते, देखभाल शुल्क मात्र वाढत जाते. ते वर्षाला सहा टक्क्यांनी वाढले तर आजचे ६,५०० रुपये बारा वर्षांत १३,००० होतील. बांधकामाच्या तीन वर्षांत हे शुल्क भरायचेच नसल्याने तिमाही व्याजाचे सुमारे १ लाख ७२ हजार रुपये मोकळे राहतील. ती रक्कम आणि हा दीड लाख, दोन्ही थोडे थोडे करून एखाद्या निर्देशांक फंडाच्या (निफ्टीसारख्या निर्देशांकातील शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या म्युच्युअल फंडाच्या) डायरेक्ट, म्हणजे मध्यस्थाविना घ्यायच्या योजनेत घालावेत आणि दहा वर्षे हात लावू नये. बाजार खालीवर होणारच, त्यामुळे याहून अधिक रक्कम तेथे नेऊ नये.

ताबा मिळेपर्यंत भाडे नियमित आले तर साडेतीन लाखही ज्येष्ठ नागरिक योजनेत टाकता येतील. तेव्हाही दर आजच्याइतकाच असला, तर साडेदहा लाखांवर महिन्याला सरासरी ७,१७५ रुपये मिळून त्यातून देखभाल शुल्क भागेल.

ठेवीदार_ठाणे

एक पुरवणी. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ) खाली शासनाने ४ जुलै २०१९ रोजी काढलेल्या पुनर्विकासाच्या मार्गदर्शक सूचनांत विकासकाकडून प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी (विकासकाने शब्द पाळला नाही तर बँकेने सोसायटीला द्यायची रक्कम) घेण्याची तरतूद आहे. ती हमी सोसायटीने खरोखर घेतली का, तिची मुदत कधी संपते, आणि भाड्याचे पुढील तारखांचे धनादेश किती महिन्यांचे मिळणार, हे घराची किल्ली देण्यापूर्वी विचारावे. कॉर्पसवरील प्राप्तिकराबाबत मुंबईच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाचे अनेक निर्णय सभासदांच्या बाजूने, ही भांडवली प्राप्ती, म्हणजे उत्पन्न म्हणून कर न लागणारी रक्कम, मानणारे आहेत. तरी विवरणपत्र भरताना सनदी लेखापालाला करारनामा दाखवून घ्यावा.

मेघना_विक्रोळी

सर्वांचे मनापासून आभार. बाबांना ही चर्चा वाचून दाखवली; साडेतीन, सात आणि दीड लाख ही विभागणी त्यांना पटली आहे. बँक हमीची प्रत मी सोसायटीच्या सचिवांकडे लेखी अर्ज देऊन मागत आहे. डोंबिवलीत १७,००० रुपयांत घर मिळाले तर भाड्यातील ११,००० रुपये दरमहा वाचतील. ते नव्या घराच्या फर्निचरसाठी आवर्ती ठेवीत घालावेत असा विचार आहे. त्यात काही त्रुटी दिसत असेल तर अवश्य सांगावे.

हिशेबी

विचार योग्य आहे. फक्त ताबा घेताना बारा ते चोवीस महिन्यांचे देखभाल शुल्क आगाऊ मागण्याची पद्धत आहे. फर्निचरचा अंदाज काढण्याआधी ती रक्कम त्या आवर्ती ठेवीतून बाजूला काढावी. आणि तिन्ही ठिकाणी आईचे नाव नामनिर्देशित आहे ना, हे कागदपत्रांत स्वतः वाचून घ्यावे.