निर्गुडीने पीजीई-२ निम्मं झालं, पण कॉक्स-२ चा पट्टा तसाच. असं का?

तापीकाठ, शिरपूर
राम राम मंडळी. यावलकडच्या सातपुड्यातल्या निर्गुडीच्या पानांचा मिथेनॉल अर्क रॉ २६४.७ पेशींवर (उंदराच्या रोगप्रतिकारक मॅक्रोफेज पेशी) तपासतेय. आधी अर्क, तासाभराने एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातला, दाह पेटवणारा पदार्थ) १ मायक्रोग्रॅम प्रति मिली, मग २४ तास. माध्यमातलं पीजीई-२ (पेशींनी सोडलेलं, दाह वाढवणारं रसायन) निम्म्यावर आलं, पण वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून ओळखायची चाचणी) ७२ किलोडाल्टनचा कॉक्स-२ चा, म्हणजे पीजीई-२ बनवायला लागणाऱ्या एन्झाइमचा, पट्टा जसाच्या तसा. ॲक्टिनही (तुलनेसाठी बघायचं, पेशींत नेहमी असणारं प्रथिन) सारखं. चुकतंय कुठे?

जीवरसायन_जळगाव
ताई, चूक असेलच असं नाही. पट्ट्यावरून एन्झाइम किती आहे ते कळतं, ते काम करतंय का ते कळत नाही. एलपीएसमुळे एनएफ-कप्पा-बी (जनुकं चालू करणारं प्रथिन) जागं होऊन कॉक्स-२ तयार होतं. पण त्याला कच्चा माल, म्हणजे ॲराकिडोनिक आम्ल, फॉस्फोलायपेज ए-२ हे एन्झाइम पुरवतं. कॉक्स-२ त्याचं पीजीएच-२ करतं आणि त्यापासून शेवटचं पीजीई-२ एमपीजीईएस-१ हे एन्झाइम बनवतं. अर्क यांपैकी कुठेही आडवा येऊ शकतो.

क्रम उलटा करून बघा. आधी नुसतं एलपीएस १६ तास, मग पेशी दोनदा धुवा. सीरम नसलेल्या माध्यमात अर्क ३० मिनिटं, त्यावर ॲराकिडोनिक आम्ल १० मायक्रोमोलर १५ मिनिटं, आणि लगेच माध्यम काढून घ्या. तरीही पीजीई-२ कमीच, तर अडथळा कॉक्स-२ किंवा एमपीजीईएस-१ वर. भरून निघालं, तर संशय फॉस्फोलायपेजवर.

दोन कंट्रोल (तुलनेचे नमुने) हवेतच: कॉक्स-२ चं काम थांबवणारं औषध सेलेकॉक्सिब १ मायक्रोमोलर (पट्टा राहतो, पीजीई-२ पडतं) आणि एलपीएसच्या तासभर आधी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड १ मायक्रोमोलर (पट्टाच फिका होतो). डीएमएसओ (अर्क आणि औषधं विरघळवायचा द्रव) सगळीकडे सारखं, ०.१ टक्क्याच्या आत. ॲराकिडोनिक आम्ल हवेने लवकर खराब होतं. मे महिन्यात गरम होऊन आलेली कुपी वापरूच नका.

पेशीघर, धुळे
त्याआधी एक बघा. ब्लॉटला प्रत्येक खाचेत सारखंच प्रथिन भरतात. म्हणून निम्म्या पेशी मेल्या तरी कॉक्स-२ आणि ॲक्टिन दोन्ही सारखेच दिसतात, माध्यमातलं पीजीई-२ मात्र निम्मं होतं. तुमचा आकडा नेमका हाच आहे. पीजीई-२ प्रति मिलीग्रॅम प्रथिन काढा. एमटीटी (रंगावरून जिवंत पेशी मोजायची चाचणी) केलंय का?

तापीकाठ
केलंय, पण वेगळ्या प्लेटवर, एलपीएसशिवाय. ९० टक्के पेशी जिवंत होत्या.

पेशीघर, धुळे
मग तो आकडा इथे धरता येणार नाही. अर्क आणि एलपीएस दोन्ही दिलेल्या प्लेटवर, २४ तासांनी करा. पेशी नसलेल्या एका खळग्यातही अर्क आणि एमटीटी घाला, कारण अर्कातले पॉलिफिनॉल एमटीटीला स्वतःच जांभळं करतात आणि मेलेल्या पेशीही जिवंत मोजल्या जातात.