आर्म ड्रॅग: हात खेचताना पायही हलू द्या
आर्म ड्रॅग, म्हणजे समोरच्याचा हात खेचून त्याच्या बाजूला किंवा पाठीमागे जायचा कुस्ती-जुजुत्सूतला डाव, करताना हात खेचूनही समोरचा तोंडासमोरच राहतो, असं तुम्ही लिहिलंय. माझंही बरेच महिने हेच व्हायचं. नुसता हात ओढून भागत नाही, स्वतःला त्याच्या बाजूला न्यावं लागतं.

त्याचा उजवा हात धरायचा असेल तर डाव्या हाताने मनगट आणि उजव्या हाताने दंड, तोही आतून, काखेलगत. कोपराजवळ धरलंत तर हात सुटलाच! खेचतानाच तुमचा डावा पाय त्याच्या उजव्या पायाबाहेर पडला पाहिजे आणि छाती त्याच्या खांद्याला चिकटली पाहिजे, म्हणजे त्याला कोपर मागे घेता येत नाही. मग पाठ घ्या (त्याच्या मागे जाऊन पकडा) किंवा पट काढा (पाय धरून खाली पाडा).

आर्म ड्रॅगसाठी प्रसिद्ध असलेला ब्राझिलियन जुजुत्सू खेळाडू मार्सेलो गार्सिया याच्या लढती जरूर पाहा. त्याचे पाय बघा.