डॅशकॅमच्या पुढच्या आणि मागच्या व्हिडिओत ३ सेकंदांचा फरक येतोय, जुळवायचं कसं?

कासारवडवलीकर
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय. परवा रात्री सव्वानऊला पातलीपाड्याच्या सिग्नलला गाडी उभी होती, धो धो पाऊस, आणि मागून टेम्पोने ठोकलं. कोणाला लागलं नाही पण डिकी आत गेलीय. टेम्पोवाला म्हणतो मॅडम तुम्हीच गाडी मागे घेतलीत, आणि त्याच्यासोबतचे दोघंही तेच सांगतायत. माझ्याकडे पुढे-मागे दोन कॅमेऱ्यांचा डॅशकॅम आहे म्हणून मी निर्धास्त होते, पण कार्ड लॅपटॉपला लावलं आणि गोंधळच झाला. पुढच्या फाइलच्या नावात २११४०७ आणि शेवटी एफ, मागचीच्या नावात २११४१० आणि शेवटी आर. पुढच्या व्हिडिओत दणका बसतो १:२२ ला, मागच्यात १:१९ ला. एडिट केलंय म्हणाला तर काय सांगू? त्यात मागच्या काचेवर इतकं पाणी की टेम्पोचे नुसते हेडलाइट मोठे होताना दिसतात, तो पुढे आला की मी मागे गेले ते त्यावरून कळतच नाही. आणि फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये वेळ पहाटे २:४४ दाखवतंय!!

ऐरोली_नाका
ताई बाकी सगळं नंतर, आधी ते कार्ड परत कॅमेऱ्यात घालू नका. साध्या ॲडॅप्टरमध्ये टाका आणि ॲडॅप्टरच्या कडेला छोटी लॉकची पट्टी असते ती सरकवा म्हणजे चुकून काही लिहिलं जाणार नाही, मग अख्खं कार्ड जसंच्या तसं कॉपी करा, दोनच फाइली नाही. दणका बसला की जी-सेन्सर, म्हणजे धक्का ओळखणारा सेन्सर, चालू फाइल लॉक करून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतो पण बऱ्याच स्वस्तातल्या कॅमेऱ्यांत फक्त पुढचीच लॉक होते, मागची साध्या फोल्डरमध्ये पडून राहते आणि लूपमध्ये, म्हणजे कार्ड भरलं की जुन्यावर नवं लिहिताना, पुसली जाते. दोन्ही मिळून ३२ एमबीपीएस (सेकंदाला ३२ मेगाबिट) धरा, म्हणजे तासाला १४ जीबीच्या वर, ६४ जीबीचं कार्ड चारेक तासात भरून परत पहिल्यापासून लिहायला लागतं. घोडबंदर ते वाशी दोनदा जाऊन आलात की संपलं.

कासारवडवलीकर
बापरे, खरंच पुढचीच इव्हेंट फोल्डरमध्ये आहे, मागची साध्या फोल्डरमध्ये सापडली. कॉपी केलं सगळं.

पामबीच_रोज
वाचलात. आता तीन सेकंदांचं सांगतो. दोन कॅमेरे म्हणजे एक व्हिडिओ नव्हे, दोन स्वतंत्र रेकॉर्डिंग आहेत, दोन वेगळ्या फाइली, आणि त्यांना बांधणारी गोष्ट एकच, पुढच्या युनिटमधलं घड्याळ. मागचा कॅमेरा नुसतं चित्र वायरने पुढे पाठवतो, फाइल लिहितं ते पुढचंच युनिट, आणि दोन्ही फाइली एकाच क्षणी उघडतीलच असं नाही. तुमच्याच आकड्यांवरून बघा, पुढची २१:१४:०७ ला सुरू, त्यात १:२२ मिळवा, झाले २१:१५:२९. मागची २१:१४:१० ला सुरू, त्यात १:१९ मिळवा, तेच २१:१५:२९. म्हणजे फरक नाहीच आहे, उलट दोन्ही फाइली एकमेकींना दुजोरा देतायत.

तरी नावावर थांबू नका, नावात फक्त पूर्ण सेकंद असतात. व्हिडिओच्या कोपऱ्यात जी वेळ छापलेली असते ना, तिथे सेकंदाचा आकडा २८ वरून २९ होतो ती फ्रेम दोन्हीकडे शोधा, व्हीएलसी प्लेयरमध्ये ई दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते. पुढचा सेकंदाला ३० फ्रेमचा असेल तर एक फ्रेम ३३ मिलिसेकंद, मागचा २५ चा असेल तर ४०, एकदोन फ्रेमचा फरक राहणारच, तो सोडून द्या. आणि जुळवायचं ते दणक्याच्या जवळ, फाइलच्या सुरुवातीला नाही, कारण फाइलवर लिहिलेला फ्रेमरेट आणि खरा यात किंचित फरक असला तरी तो साठत जातो, ३० ऐवजी २९.९७ धरलं तर ३ मिनिटांत ०.१८ सेकंद. दोन्ही फाइलींत आवाज असेल तर अजून सोपं, माइक सहसा एकच असतो, पुढच्या युनिटमध्ये, त्यामुळे दणक्याचा आवाज दोन्हीकडे तोच.

पहाटे २:४४ चं कोडं म्हणजे साडेपाच तास. एमपी४ मध्ये आतली वेळ यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ, धरली जाते, कॅमेऱ्याने तिथे आपली भारतीय वेळ लिहिली, लॅपटॉपने त्यात परत साडेपाच तास मिळवले. २१:१४ अधिक ५:३० करून बघा.

ऐरोली_नाका
वा. पण मला वाटतं ताईंचा खरा साक्षीदार पुढचा कॅमेरा आहे. मागे पाणी आहे पण पुढे वायपर चालू होता ना? दणक्याच्या आधीची पाच-सात सेकंदं बॉनेटच्या कडेला बघा, झेब्रा क्रॉसिंगचा पट्टा दिसतोय का? गाडी जराशी जरी मागे गेली असती तर पट्टा बॉनेटपासून लांब सरकला असता. लांबच्या मेट्रोच्या पिलरवर जाऊ नका, लेन्स वाइड असते, फूटभर हललं तरी लांबच्या वस्तूत कळत नाही. जीपीएसच्या शून्य स्पीडवरही एवढ्या कमी अंतरात विसंबू नका.

कासारवडवलीकर
आत्ता बघितलं. हात थरथरतायत लिहिताना. एक पांढरा पट्टा बॉनेटच्या डाव्या कोपऱ्याला अर्धा दिसतो, वायपर जातो येतो, पट्टा तिथेच, जाग्यावरून तसूभर हलत नाही. मग २१:१५:२९ ला झटका आणि पट्टा बॉनेटखाली जातो, म्हणजे गाडी पुढे ढकलली गेली! आणि मागच्यात त्याच सेकंदाला हेडलाइट काचेच्या खाली जातात. दोन दिवस रात्री झोप नाही, मीच तर ब्रेक सोडला नसेल ना असं स्वतःलाच विचारत होते.

खारेगावची_वकिली
ताई, मूळ फाइलींना हात लावू नका, नावसुद्धा बदलू नका. दोन्ही शेजारी-शेजारी लावून एक व्हिडिओ बनवा हवा तर, एफएफएमपेग या प्रोग्रामने होतो, दोघांची उंची सारखी करून घ्या, पण तो फक्त समजावून सांगायला. कोणाला व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हिडिओ म्हणून पाठवलात तर दाबून लहान होतो आणि आतली माहिती जाते. १ जुलै २०२४ पासून डिजिटल पुराव्यासाठी जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५बी च्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलंय, त्यातल्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलचा जणू ठसा, फाइल जराही बदलली की तोही बदलतो) लिहावी लागते, भाग अ तुम्ही भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. म्हणून दोन्ही मूळ फाइलींची एसएचए २५६ पद्धतीची हॅश आजच काढून ठेवा, आणि कार्ड पाकिटात घालून त्यावर तारीख टाका. कॅमेऱ्याला नवीन कार्ड घ्या, हाय एन्ड्युरन्सचं, म्हणजे सतत लिहिणं सोसणारं.

कासारवडवलीकर
हॅश काढल्या दोन्ही, वहीत लिहून नवऱ्याची सही घेतली शेजारी. कार्ड पाकिटात. उद्या सकाळी चौकीला जातेय, लॅपटॉप घेऊन. मागच्या कॅमेऱ्याची फाइलपण लॉक होईल अशी काही सेटिंग असते का, असेल तर कोणीतरी सांगा, तोवर दणका बसला की लॉकचं बटण हातानेच दाबायचं ठरवलंय.