प्रतिसाद: नागपूर पहिल्यापासून भाजपचंच?

वर कुणीतरी लिहिलंय की संघाचं मुख्यालय असल्यामुळे नागपूर लोकसभा पहिल्यापासून भाजपचीच. हे साफ चूक आहे. नागपूरच्या महाल भागात संघाचं कार्यालय, पण इथून भाजपचा पहिला खासदार थेट १९९६ साली. तोही बनवारीलाल पुरोहित, जे १९८४ आणि १९८९ला काँग्रेसकडून जिंकले होते! त्यानंतर १९९८ ते २००९ सलग चार वेळा विलास मुत्तेमवार, काँग्रेस.

मला याहून महत्त्वाचा वाटतो तो विदर्भवादी, म्हणजे वेगळ्या विदर्भ राज्याच्या मागणीचा धागा, आणि चर्चेत त्याचा उल्लेखच नाही. १९६२मध्ये विदर्भवादी नेते लोकनायक बापूजी अणे इथून अपक्ष निवडून आले. १९७१ला देशभर इंदिरा लाट असताना नागपूरकरांनी फॉरवर्ड ब्लॉक पक्षाच्या, तेही विदर्भवादी असलेल्या जांबुवंतराव धोटेंना दिल्लीला पाठवलं. १९७७ला उत्तरेत काँग्रेस भुईसपाट झाली, तर इथे काँग्रेसचे गेव्ह आवारी आले. आणि १९८०ला तेच धोटे इंदिरा काँग्रेसकडून!

गडकरींचं म्हणाल तर तीन विजय आहेतच, पण मताधिक्य बघा: २०१४ला २ लाख ८४ हजार, २०१९ला २ लाख १६ हजार, २०२४ला १ लाख ३७ हजार. याला बालेकिल्ला म्हणायला माझी तरी तयारी नाही.