‘क्वालिटी ऑडिट’ला मराठीत काय म्हणता?

अर्धीभाकर: एका हॉटेलच्या हाउसकीपिंगवाल्यांसाठी प्रशिक्षणाची पुस्तिका मराठीत करतेय. (हॉटेल म्हणजे राहायचं, वडा-सांबाराचं नव्हे.) ‘क्वालिटी ऑडिट’ला ‘गुणवत्ता लेखापरीक्षण’ लिहून मोकळी झाले होते. काल मसुदा दाखवला तर तिसऱ्या मजल्याच्या सुपरवायझर मावशी घाबरल्याच. “हिशेबात घोळ निघाला का काय? आमच्याकडं पैसे कुठं असतात, चादरी असतात.” आणि ‘गुणवत्ता’ म्हटल्यावर त्यांना लेकीची दहावीची यादी आठवली. परवा छपाईला द्यायचंय. सुचवा.

पाटावरवंटा: तपासणी. झालं.

अर्धीभाकर: तपासणी तर तिथे रोजच असते हो. मी मावशींच्या मागे एक राउंड मारला. दाराच्या चौकटीवरून बोट फिरवलं आणि ते खिडकीपाशी नेऊन पाहिलं. उशीची खोळ झटकली, केस निघतो का ते बघायला. गरम पाण्याचा नळ सोडला आणि ओठातल्या ओठात आकडे मोजले. मग वहीत ‘व्हीसी’ लिहिलं, म्हणजे रिकामी आणि स्वच्छ खोली. हे ‘चेकिंग’. ऑडिट वेगळं. ते करायला वर्षातून दोनदा बाहेरचा माणूस येतो. तो खोलीपेक्षा वही जास्त बघतो. चेकिंग खरंच झालं का, चूक सापडल्यावर पुढे काय केलं, ती परत झाली का, वगैरे.

तिरपागडे: मग ‘दर्जा तपासणी’ लिहा. ‘गुणवत्ता’ पोरांची, ‘दर्जा’ वस्तूंचा.

काथ्याकूट: इथे मला राहवत नाही. दर्जा आणि गुणवत्ता हे एक नव्हेत! दर्जा मुळात अरबी, फारसीतून आपल्याकडे आला, अर्थ पायरी. पंचतारांकित हा दर्जा झाला. आज या खोलीतली चादर स्वच्छ आहे का, ही गुणवत्ता. दोन ताऱ्यांच्या हॉटेलाची गुणवत्ता उत्तम आणि पाच ताऱ्यांच्याची भिकार असू शकते. हे माझ्या मनचं नाही. आयएसओ ९००० या गुणवत्तेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २००५ च्या आवृत्तीत ‘क्वालिटी’ आणि ‘ग्रेड’ अशा दोन वेगळ्या व्याख्या आहेत, आणि ग्रेडचं उदाहरण काय दिलंय? विमानाच्या तिकिटाचा वर्ग आणि हॉटेलांच्या मार्गदर्शिकेतली हॉटेलाची वर्गवारी. आपल्याकडेही पर्यटन मंत्रालयाची समिती तारे देते ते पाच वर्षांसाठी. आज सकाळी टॉवेल बदलला की नाही, ते तारा कसा सांगणार?

तिरपागडे: पण ‘जेवणाचा दर्जा घसरला’ असंच म्हणतो ना आपण? ‘जेवणाची गुणवत्ता घसरली’ कोण म्हणतं?

काथ्याकूट: म्हणतात म्हणून बरोबर होत नाही.

पाटावरवंटा: भाषेत म्हणतात म्हणूनच बरोबर होतं.

निर्मळवाणी: दोघंही फारसीच्या दारात का उभे? ‘प्रत’ आहे की. उच्च प्रतीचा तांदूळ, आंब्याची प्रतवारी. ‘प्रत-तपासणी’ करा. ‘पंचतारांकित’ हा घडवलेला शब्दच ना? रुळला. विधानसभेत ‘तारांकित प्रश्न’ असतो, त्यालाही कुणी हसत नाही.

अर्धीभाकर: ‘प्रत-तपासणी’ वाचून मावशी झेरॉक्स मोजायला बसतील.

पाटावरवंटा: 😂 निर्मळवाणी, ‘दारात’ लिहिलंत ते ठीक, पण खुर्चीवर बसूनच लिहिलंत ना? खुर्चीही तिकडचीच.

शेवचिवडा: थोडं विषयांतर. आमच्याकडे बाहेरचा माणूस सांगून येत नाही. साधं गिऱ्हाईक बनून राहतो, मुद्दाम मध्यरात्री जादा उशी मागतो, किती मिनिटांत आली ते टिपतो. ‘मिस्ट्री गेस्ट’. याला काय म्हणाल? (गिऱ्हाईक म्हणजे गृही येतो तो, असं आमचे आजोबा सांगायचे.)

काथ्याकूट: आजोबांना नमस्कार, पण ते ‘ग्राहक’वरून आलंय.

तिरपागडे: तोतया पाहुणा! पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला तसा.

निर्मळवाणी: तोतया फसवायला येतो, हा तपासायला. ‘गुप्त अतिथी’.

शेवचिवडा: ‘गुप्त अतिथी’ म्हणजे साडेसातच्या मालिकेचं नाव वाटतंय. रिसेप्शनवरची पोरं त्याला ‘तो’ म्हणतात. “तो आलाय वाटतं, ४०७ मध्ये.” निम्म्या वेळा तो नसतोच, बिचारा खराच चिकित्सक प्रवासी निघतो. त्याची सरबराई मात्र फुकट होते.

मीठभाकर: कॉलेजात सर्व्हक्वाल शिकवायचे, सेवेची गुणवत्ता मोजायची १९८८ ची प्रश्नावली. २२ विधानं, दोनदा विचारायची: आधी अपेक्षा काय होती, मग मिळालं काय. वजाबाकी केली की सेवेची गुणवत्ता. त्यातल्या ‘एम्पथी’चं भाषांतर आमच्या सरांनी ‘समानुभूती’ केलं होतं. फॉर्म भरणाऱ्या आजींनी विचारलं, “म्हणजे कोण वारलं का?” मी म्हटलं, आपुलकीनं वागले का ते सांगा. त्यांनी लगेच सातपैकी सात दिले. तेव्हा शब्द बदलला की मार्क बदलतात, एवढं लक्षात ठेवा.

काथ्याकूट: सहानुभूती, समानुभूती आणि आपुलकी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यावर वेगळा धागा काढतो.

निर्मळवाणी: आधी एसटी स्टँडवरच्या ‘उपहारगृह’ पाट्यांवर काढा. उप + आहार म्हणजे उपाहार. उपहार म्हणजे भेटवस्तू.

तिरपागडे: एका घाटातल्या ‘उपहारगृहा’त मला मिसळीत काडेपेटीची काडी मिळाली होती. भेटच ती.

अर्धीभाकर: अहो, माझी छपाई! सकाळी मावशींनाच विचारलं, तुम्ही काय म्हणता? म्हणाल्या, “आम्ही म्हणतो, ऑडिट आहे.” मग मसुदा बघून घाबरलात कशाला? “ते लेखा-बिखा लिहिलं होतंत ना तुम्ही.” सध्या ‘क्वालिटीची तपासणी (ऑडिट)’ असं टाकलंय. अजून चोवीस तास आहेत.

निर्मळवाणी: ‘क्वालिटी’ला तरी मराठी वापरा हो.

काथ्याकूट: आणि कंस काढा. तपासणी म्हणजे ऑडिट नव्हे, हे वर तुम्हीच लिहिलंय.

शेवचिवडा: ते ‘उपाहार’वालं बरोबर आहे का नक्की? आमच्या कँटीनची पाटी पुढच्या आठवड्यात रंगवायची आहे.